स्वरांची नोंदवही
(उत्सवकाळी देवस्थानच्या सभामंडपात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभामंडपात आजवर विद्वान प्रवचनकार बोलले, नामवंत कीर्तनकारांनी आख्याने रंगविली, थोर गवयांनी रात्री जागविल्या. मी शास्त्री नव्हे की गवई नव्हे. सारी हयात कचेरीत आवकजावकाची नोंदवही सांभाळण्यात घालविलेला एक साधा कारकून. म्हणून संगीतावर चार शब्द बोलावेत अशी समितीने आज्ञा केली तेव्हा मी हात जोडून इतकेच म्हटले की, संगीतावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. संगीताच्या नोंदीवर मात्र बोलेन. नोंद हा माझा जन्माचा व्यवसाय आहे आणि त्यातील पुण्य व पाप ही दोन्ही मला ठाऊक आहेत.

आपणांस स्मरत असेल, अग्रशाळेच्या माडीवरील खोली साफ करताना दोन पत्र्याच्या ट्रंका निघाल्या. आत स्पूल होते, कॅसेटी होत्या. आपले जे महाजनबंधू आखातात वा आफ्रिकेत नोकरीस होते ते सुट्टीवर येताना टेपरेकॉर्डर घेऊन येत आणि उत्सवाच्या रात्री मोठ्या हौसेने खांबापाशी तो लावून ठेवीत. त्या हौसेचे हे फलित. गोव्याचा पावसाळा कोणाची गय करीत नाही. काही फितींवर बुरशी चढली होती, काही चिकटून गेल्या होत्या. आपल्यातीलच एका तरुण अभियंत्याने महिनोनमहिने खपून त्यांतील बहुतेक फिती संगणकावर उतरविल्या. ज्या दिवशी काम संपले त्या दिवशी आम्ही चौघे पाचजण त्याच्या घरी गेलो. त्याने पडदा उजळला. यादी समोर आली. तिच्यात लिहिले होते: 'ट्रॅक ०१, अननोन आर्टिस्ट'. त्याखाली 'ट्रॅक ०२, अननोन आर्टिस्ट'. शेवटच्या ओळीपर्यंत हेच.

मंडळी, सूर वाचला होता, नाव गेले होते. ते नाव परत कसे मिळवावे, कोठे लिहावे आणि ते लिहिणे हे आपले कर्तव्य का आहे, एवढाच आजच्या माझ्या बोलण्याचा विषय आहे.

संगणकात उतरविलेल्या प्रत्येक ध्वनिमुद्रणाला एक चिठ्ठी जोडता येते. तिला टॅग म्हणतात. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असते त्याप्रमाणेच ही. फरक इतकाच की ती बाटलीच्या आतच राहते आणि बाटली जेथे जाईल तेथे तिच्याबरोबर जाते. ही गोष्ट नव्या युगातील म्हणून पुष्कळांना परकी वाटते. वस्तुतः आपली परंपरा ती फार पूर्वीपासून ओळखते. अभंगाच्या अखेरीस संत आपले नाव घालतात. 'तुका म्हणे', 'नामा म्हणे' हे शब्द आले की कर्ता कोण ते वेगळे विचारावे लागत नाही. मोहम्मदशहा रंगीले याच्या दरबारातील न्यामत खान ख्यालाच्या अंतऱ्यात 'सदारंग' ही मुद्रा घालीत. अडीचशेहून अधिक वर्षे लोटली, कागद फाटले, घराणी पांगली, पण मुद्रा चीजेच्या आतच असल्यामुळे ती कोणी काढून घेऊ शकले नाही.

ध्वनिमुद्रणाच्या आरंभकाळीही हेच घडले. १९०२ च्या नोव्हेंबरात फ्रेड गैसबर्ग यांनी कोलकात्यास गौहरजान यांचे गाणे मुद्रित केले. तबकड्या छापल्या जाणार होत्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना ना भाषा ठाऊक, ना गायिका. कोणती तबकडी कोणाची हे त्यांना कळावे म्हणून गाणे संपताच गायिका स्वतःच इंग्रजीत आपले नाव उच्चारी. आज आपण ते ऐकून हसतो. परंतु तो हास्याचा विषय नाही. त्या तीन मिनिटांच्या तबकडीवरील कागद गळून पडला तरी गौहरजान अनामिक होणार नाहीत, अशी ती व्यवस्था होती. पुढे १९९६ साली एमपी३ फाईलींसाठी पहिली टॅगपद्धती निघाली. तिच्यात गाण्याच्या अगदी शेवटी १२८ बाइटांची जागा राखलेली असे आणि त्या जागेत शीर्षक, कलाकार, संच, वर्ष असे रकाने असत. अभंगाचा शेवट, तबकडीचा शेवट आणि फाईलचा शेवट! नाव शेवटी सांगण्याची ही रीत पाहून माझ्यासारख्या कारकुनाला मोठे नवल वाटले.

आता अडचणी सांगतो. त्या पहिल्या पद्धतीत शीर्षकाला ३० अक्षरे, कलाकाराला ३०, संचाला ३०, वर्षाला ४ आणि एक टिपणीचा रकाना. देवनागरीची सोय नाही. रचणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाश्चात्त्य गीत होते. एक गायक, एक गीत, एक संच. आमची बैठक त्यात कशी मावावी? तीत शीर्षक म्हणजे काय, राग की चीज? कलाकार एक की पाच? विलंबित व द्रुत या दोन चीजा दोन गाणी मानावयाच्या की एक? रागाला रकानाच नाही, तालाला नाही, घराण्याला नाही, तंबोऱ्यावर बसलेल्या शिष्याला तर नाहीच नाही. पुढच्या पद्धती सुधारल्या, देवनागरीही आली. फ्लॅक नावाचा जो प्रकार आहे त्यात तर आपल्या मनाप्रमाणे हवे तितके रकाने निर्माण करता येतात आणि आवाजातील एक कणही कमी होत नाही. म्हणून आमच्या तरुण मित्राने तोच स्वीकारला.

रकाना असूनही तो रिकामा ठेवला तर काय होते, याचे उदाहरण आपल्या गोमंतकाशीच निगडित आहे. १९७७ च्या ऑगस्ट व सप्टेंबर महिन्यांत अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली. दोहोंवर सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तांब्याची तबकडी आहे. पृथ्वीवरील निवडक संगीत तीत आहे आणि भारतातील एकच रचना आहे, आपल्या फोंडे महालातील केरी गावच्या सूरश्री केसरबाई केरकर यांची. याने निघाली आणि त्याच सप्टेंबरच्या १६ तारखेस केसरबाई निवर्तल्या. यांपैकी पहिले यान २०१२ साली सूर्याच्या प्रभावकक्षेपलीकडे गेले. अभिमानाने ऊर भरून यावा अशी ही गोष्ट. परंतु त्या तबकडीची जी यादी प्रसिद्ध आहे ती पाहा. देश लिहिला आहे, गायिकेचे नाव आहे, चीजेचे आद्य शब्द आहेत, ३ मिनिटे ३० सेकंद ही लांबी आहे आणि 'राग' असा शब्दही आहे. कोणता राग, ते मात्र नाही. आपण सारे जाणतो की ती भैरवी आहे. साथीला कोण होते, तेही यादीत नाही. ताऱ्यांपर्यंत जाणाऱ्या चिठ्ठीची ही स्थिती, तेथे अग्रशाळेच्या माडीवरील ट्रंकेची कथा काय!

तेव्हा आम्ही प्रथम रकाने ठरविले. मुख्य गायक वा वादक. साथीदार, प्रत्येकाचे वाद्य व नाव स्वतंत्र. प्रकार, म्हणजे ख्याल, ठुमरी, नाट्यपद, अभंग, कीर्तन, शणै, घुमट-आरती इत्यादी. राग. ताल. लय. चीजेचे आद्य शब्द. रचनाकार ठाऊक असल्यास त्याचे नाव. स्थळ. प्रसंग. तिथी व तारीख. कोणी मुद्रित केले. मूळ फीत कोणती व कोणाच्या मालकीची. शेवटी आणखी दोन रकाने, ज्यांना मी सर्वांत अधिक महत्त्व देतो: 'ही माहिती कोणी दिली' आणि 'ती कितपत खात्रीची'. यांचे कारण पुढे सांगेन.

नावांच्या बाबतीत पहिला नियम असा केला की एका वस्तूला एकच प्रमाण नाव आणि बाकीची नावे पर्याय म्हणून शेजारी. कोणी यमन लिहितो, कोणी इमन, कोणी ऐमन. कोणी जौनपुरी म्हणतो, कोणी जीवनपुरी. मालकंस कोठे मालकौंस होतो. माणसाला हे एकच वाटतात. संगणकाला ते निरनिराळे राग वाटतात आणि तो एका रागाची माणसे तीन खोल्यांत बसवितो. उलटही घडते. नाव एक आणि राग दोन असा प्रकार उत्तर व दक्षिण यांच्या सीमेवर पदोपदी दिसतो. दक्षिणेतील हिंदोळम् म्हणजे आपला मालकंस, आपला हिंडोल नव्हे. तेथील तोडी आपल्या भैरवीच्या जवळची. आपल्या उत्सवांना कारवारकडील मंडळीही येत असतात, त्यांच्या फितींत कर्नाटक संगीतही आहे. म्हणून पद्धती कोणती हेही लिहावे लागते.

दुसरा नियम असा की मानाच्या उपाधी नावाच्या आधी न लिहिता त्यांना वेगळा रकाना द्यावा. 'पंडित', 'श्री', 'श्रीमती', 'ह. भ. प.' हे सारे नावाच्या आरंभी लिहिले तर अर्धा संग्रह 'प' खाली आणि उरलेला 'श्र' खाली जाऊन बसतो. यात कोणाचा अनादर नाही; मान ठेवावयाचा तो ठेवूच, परंतु शोधताना मनुष्य सापडला पाहिजे. आपल्या गोमंतकात आडनावानेच गाव कळते ही एक मोठी सोय आहे. केरकर, कुर्डीकर, माल्पेकर, मंगेशकर, पर्वतकर. मोगूबाई कुर्डीकरांचा जन्म १९०४ सालचा. त्यांचे कुर्डी गाव पुढे साळावली धरणाच्या पाण्याखाली गेले आणि उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे तेवढ्यापुरते दिसते. गाव नाहीसे झाले, नावात मात्र ते आजही आहे.

तिसरा नियम अगदीच कारकुनी आहे, तरी सांगतो. क्रमांक घालताना १, २, ३ असे न घालता ०१, ०२, ०३ असे घालावेत. नाहीतर संगणक १ च्या पाठोपाठ १० आणतो आणि २ ला मागे ढकलतो. कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांत संपे, मग रंगात आलेला राग तुटे आणि दुसऱ्या बाजूवर पुढे चालू होई. अशा दोन तुकड्यांची ताटातूट होऊ नये म्हणून बैठक, फीत, बाजू आणि क्रम हे चार आकडे आम्ही प्रत्येक फाईलच्या नावातच घातले.

तारखेने मात्र आम्हांस चांगलेच चकविले. डब्यांवर आपल्या पूर्वसूरींनी तिथी व शके लिहिले आहेत, आणि ते योग्यच होते, कारण उत्सव तिथीनेच होतो. एका डब्यावर 'माघ शु. ५, शके १८९६' असे होते. आमच्यापैकी एकाने शकात ७८ मिळवून १९७४ लिहिले. वास्तविक शक चैत्रात सुरू होतो. जानेवारी उजाडल्यानंतरच्या महिन्यांना ७९ मिळवावे लागतात. ती फीत १९७५ च्या फेब्रुवारीतील आहे. हे वर्षाचे अंतर क्षुल्लक वाटेल. परंतु ज्या कलावंताचे त्या दरम्यान निधन झाले असेल, त्याचे नाव अशा फितीला चुकून लागू शकते! म्हणून तिथी जशी आहे तशी ठेवावी, तारीख शेजारी लिहावी आणि ती आपण काढलेली आहे हेही नमूद करावे.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगतो, कारण ज्याने चूक केली त्यानेच ती सभेत सांगावी हे बरे.

एका स्पूलवर 'रात्र दुसरी' एवढेच लिहिलेले होते. गाणे लागले. सा रे ग प ध, मध्यम नाही, निषाद नाही. मला थोडे कान आहेत असा माझा समज. मी छाती काढून रागाच्या रकान्यात 'भूप' लिहिले. रात्रीचा पहिला प्रहर, उत्सवाची रात्र, सगळे जुळत होते. पुढे एका वयोवृद्ध जाणत्या स्नेह्यांना ती फीत ऐकविली. त्यांनी डोळे मिटले, पाच मिनिटांनी उघडले आणि मला विचारले, "धैवतावर गायक किती वेळा थांबला ते मोजलेत का?" तो देसकार होता. स्वर तेच, पण भूपाचा जीव गांधारात आणि देसकाराचा धैवतात. पंडित भातखंडे यांनी आपल्या दहा थाटांत भूपाला कल्याणात आणि देसकाराला बिलावलात बसविले आहे. भूप रात्रीचा, देसकार सकाळचा.

मी म्हटले, "पण डब्यावर तर रात्र लिहिली आहे." ते म्हणाले, "उत्सवातील रात्र उजाडल्यावर संपते." तेव्हा आम्ही त्या अभियंता मित्राकडे गेलो. त्याने ऐकणाऱ्यांच्या सोयीसाठी फितीतील खरखर आणि मागचे आवाज पुसून एक स्वच्छ प्रत केली होती, तीच मी ऐकली होती. सुदैवाने मूळ प्रत त्याने जपून ठेवली होती. ती लावली. गाण्याच्या मागे, फार दुरून, नगारा वाजत होता आणि त्यावर शणै होती. पहाटेची नौबत! ज्याला आम्ही गोंगाट समजून पुसून टाकले होते त्यानेच वेळेची साक्ष दिली.

या एका प्रसंगाने आम्हांस तीन गोष्टी शिकविल्या. पहिली अशी की मूळ प्रतीला हात लावू नये. सुधारणा करावयाची ती दुसऱ्या प्रतीत. दुसरी अशी की सरगम मोजून राग ठरत नाही. मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे स्वर तेच, चालचलन निराळे. तेव्हा जाणत्यास विचारल्यावाचून रागाचा रकाना भरू नये. तिसरी गोष्ट अशी की कोणी सांगितले आणि किती खात्रीने सांगितले हे लिहिलेच पाहिजे. आमच्या नोंदीत आता तीनच शब्द आहेत: 'खात्रीने', 'बहुधा' आणि 'अज्ञात'. रिकामा रकाना लाजिरवाणा नसतो. चुकीचा भरलेला रकाना मात्र पुढच्या पिढ्यांना फसवितो, कारण लिहिलेल्या अक्षरावर लोक विश्वास ठेवतात. चाळीस वर्षे कचेरीत मी हेच पाहिले. एका कारकुनाची चूक दुसरा उतरवून घेतो, तिसरा तिच्यावर शिक्का मारतो, मग ती सत्य होते.

आता मी ज्या मुद्द्यावर येत आहे तो बोलताना मला संकोच वाटतो; तथापि श्रींच्या समोर संकोच कशाचा?

त्या डब्यांवर आपण काय लिहिले होते ते मी सर्व उतरवून काढले आहे. बहुतेक प्रत्येक डब्यावर यजमानाचे नाव आहे, म्हणजे कोणत्या महाजन कुटुंबाच्या सेवेप्रीत्यर्थ ती रात्र झाली ते स्पष्ट, सुवाच्य अक्षरांत आहे. गायक बाहेरून आलेले नामवंत असतील तर त्यांचेही नाव आहे. गायिका आपल्याच पंचक्रोशीतील असेल तर पुष्कळ वेळा गावाचे नाव आणि पुढे 'बाई' एवढेच. तबलजीचे नाव क्वचित. सारंगी-पेटीवाल्याचे त्याहून क्वचित. आणि शणै, सूर्त, नगारा वाजविणाऱ्या सेवेकऱ्याचे नाव एकाही डब्यावर नाही. जी नौबत देसकाराची साक्षीदार झाली ती कोणी वाजविली हे आपल्याला माहीत नाही. पिढ्यानपिढ्या ज्यांनी आपल्या देवाला पहाटे जागे केले त्यांची नावे आपल्या दप्तरात वेतनाच्या वहीत कदाचित सापडतील, स्वरांच्या वहीत नाहीत.

महाजन हो, नावाचे मोल आपल्याला कोणी शिकवावयास नको. पोर्तुगीज राजवटीत १९३३ साली देवस्थानांचे जे नियमन झाले त्याप्रमाणे महाजनांची नामावली ठेवली जाते. त्या यादीत आपले नाव बरोबर लागावे म्हणून आपल्यातील कुटुंबांनी अर्ज केले, हरकती घेतल्या, प्रसंगी न्यायालयाच्या पायऱ्या चढल्या. एका अक्षराचा फरक पडला तर हक्क जातो हे आपण जाणतो. श्रींच्या अलंकारांची यादी आहे, वजनासह आहे. पालखीच्या चांदीचा तोळा न तोळा लिहिलेला आहे. मग श्रींपुढे जो स्वर वाहिला गेला तो अलंकार नव्हे काय? आणि ज्याने तो वाहिला त्याचे नाव यादीत लागण्यासाठी अर्ज कोणी करावा?

एक प्रसंग सांगतो. वर सांगितलेल्या त्याच देसकाराच्या फितीतील तबला कोणाचा हे कळेना. आपल्या देवस्थानच्या सेवेकरी घराण्यातील एक वृद्ध गृहस्थ आजारीपणामुळे घराबाहेर पडत नाहीत. आम्ही यंत्र घेऊन त्यांच्याकडे गेलो. गाणे लावले. गायकाला त्यांनी ओळखले नाही. परंतु ठेका सुरू होऊन तीन चार आवर्तने झाली असतील नसतील, त्यांचा हात पांघरुणावर हलू लागला. मग थांबला. ते म्हणाले, "हो हात म्हज्या बापायचो." पुढे बराच वेळ कोणी बोलले नाही. त्यांच्या वडिलांचे छायाचित्रही त्या घरात नव्हते. हा हात तेवढा उरला होता आणि तो आपल्या ट्रंकेत, नावावाचून, पन्नास वर्षे पडून होता. आम्ही तेथेच बसून तबल्याच्या रकान्यात नाव लिहिले, 'माहिती कोणी दिली' या रकान्यात 'चिरंजीव' लिहिले आणि शेवटच्या रकान्यात 'खात्रीने' लिहिले. गायकाच्या रकान्यात आजही 'अज्ञात' हाच शब्द आहे. नौबतीच्या रकान्यातही.

मंडळी, यंत्राचे काम यंत्राने केले. संगणक आवाज उतरवितो, शोधतो, क्षणात हजारोंतून एक काढून देतो. पण हा हात कोणाचा हे तो ओळखत नाही. ते ओळखणारी माणसे ऐंशीच्या घरात आहेत. फीत आणखी दहा वर्षे टिकेल, नाही टिकली तरी आता प्रत झाली आहे. माणसांची प्रत होत नाही. म्हणून नोंदीचे हे काम सवडीने करण्याचे नाही.

जपणुकीविषयी थोडक्यात सांगतो. मूळ प्रत ४८ हजारांच्या नमुनावेगाने आणि २४ बिटांनी केलेली असल्यास स्टीरिओ ध्वनीच्या एका तासास सुमारे १ जीबी जागा लागते. आजच्या मानाने ही जागा महाग नाही. प्रती तीन असाव्यात, दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतील एक तरी देवस्थानच्या आवाराबाहेर असावी. आग आणि पाणी ही दोन्ही आपण पाहिलेली आहेत. नोंदींची एक छापील प्रत कागदावरही ठेवावी, असा माझा जुन्या पद्धतीचा आग्रह आहे. तरुण मंडळी त्यास हसतात आणि तरीही छापून देतात. आणखी एक गोष्ट. हा संग्रह आपल्या ट्रंकेत सापडला म्हणून तो सर्वस्वी आपला होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली जी दुरुस्ती झाली तिने गायक-वादकांचा स्वतःच्या प्रयोगावरील हक्क मान्य केला आहे. कायदा बाजूस ठेवला तरी शिष्टाचार हेच सांगतो की बाहेर कोठे ऐकविण्यापूर्वी त्या त्या कलावंताच्या कुटुंबास विचारावे आणि एक प्रत त्यांच्या घरी आपण होऊन पोहोचवावी.

आता माझ्या तीन विनंत्या आहेत. आपापल्या घरी कपाटात, माळ्यावर अशा फिती असतील तर त्या फेकू नका आणि स्वतः लावूनही पाहू नका. चिकटलेली फीत ओढली तर तुटते. तशाच समितीकडे द्या, पोच मिळेल. दुसरी विनंती अशी की घरातील वृद्धांना घेऊन या, अथवा आम्हांस बोलवा, आम्ही येऊ. त्यांना राग ओळखता आला नाही तरी चालेल. कोणत्या वर्षी कोणाच्या घरी कोण उतरले होते, तबल्याला कोणाला बोलाविले होते एवढे आठवले तरी पुष्कळ. तिसरी विनंती सेवेकरी घराण्यांतील बंधुभगिनींना आहे. आपण या सभामंडपात नेहमी कडेला बसता. या एका कामात आपण मध्ये बसावे आणि आम्ही लिहून घ्यावे, असे मला वाटते.

आणि समितीस एक प्रार्थना. येत्या उत्सवापासून प्रत्येक रात्री कार्यक्रम संपताच, दिवे मालविण्यापूर्वी, सूत्रधाराने ध्वनिक्षेपकावरून त्या रात्रीच्या प्रत्येक कलावंताचे नाव, वाद्य, राग आणि तिथी उच्चारावी आणि ती ध्वनिमुद्रणातच यावी. यजमानाचे नाव घ्यावेच. त्याच्याबरोबर पहाटेच्या नौबतवाल्याचेही घ्यावे. यास पैसा लागत नाही, दोन मिनिटे लागतात. गौहरजानने जे १९०२ साली केले ते आपल्याला आज करण्यास हरकत नसावी.

मी पुष्कळ वेळ घेतला. कारकुनाच्या बोलण्यात रस थोडा आणि तपशील फार, ही आपली तक्रार मी मान्य करतो. भक्त नामस्मरण करतो ते देवाला आपले नाव विसरायला झाले म्हणून नव्हे, आपल्याला त्याचा विसर पडू नये म्हणून. ज्यांनी या देवापुढे गाऊन वाजवून आयुष्य वेचले त्यांचेही स्मरण आपल्याकडून घडो आणि 'अज्ञात' हा शब्द आपल्या नोंदवहीत दिवसेंदिवस कमी होवो, अशी श्रींच्या चरणी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.

श्रीदेवार्पणमस्तु.